गोळ्या चालू असताना आजार परत येतो तेव्हा

लातूरमध्ये माझी हिस्टोपॅथॉलॉजीची प्रयोगशाळा आहे. धाराशिव, बीड, नांदेड, परभणी या भागांत शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासणीसाठी माझ्याकडे येतात. स्तनाच्या कर्करोगाचा रिपोर्ट घ्यायला आलेले नातेवाईक पहिल्या वेळी बहुधा एकच गोष्ट विचारतात, की गाठ साधी आहे की कॅन्सरची. काही वर्षांनी त्यांच्यापैकी काही जण दुसरा रिपोर्ट घ्यायला येतात, तेव्हा प्रश्न बदललेला असतो. घरातल्या बाईने हार्मोनला रोखणारी, म्हणजे बोलण्यातली ‘हार्मोनची’ गोळी वर्षानुवर्षे घेतली, तरी आजार मणक्यात कसा उतरला, असे ते विचारतात. ‘गोळीला रेझिस्टन्स आला’, म्हणजे गाठ गोळीला दाद देईनाशी झाली, एवढे उत्तर त्यांना बाहेर मिळालेले असते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु ते खरे आहे का, आणि असल्यास कोणत्या प्रकारचे आहे, हे सांगणाऱ्या खुणा गाठीच्या ऊतीत असतात. ती ऊती पुन्हा न पाहता, आजार जिथे उलटला तिथला नवा तुकडा न घेता हे उत्तर दिले जाते, असे मी वारंवार पाहते. त्यातून चुकीचे औषध पुढे चालू राहते किंवा योग्य औषध कायमचे बंद होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

स्तनाच्या पेशींना वाढीचा निरोप देणारे मुख्य हार्मोन म्हणजे इस्ट्रोजेन. ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी १८९६ साली पसरलेला कर्करोग असलेल्या स्त्रियांचे बीजांडकोश काढून पाहिले आणि त्यांच्या गाठी लहान झाल्याचे नोंदवले. त्या काळी हार्मोन हा शब्दसुद्धा रूढ झालेला नव्हता. या उपायाने काहींना गुण येतो आणि काहींना अजिबात येत नाही, याचे कारण मात्र पुढे साठ वर्षे उमगले नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात एल्वुड जेन्सन यांनी दाखवून दिले की इस्ट्रोजेन पेशीतल्या एका ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटते. हे प्रथिन म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, रिपोर्टमधले ईआर. मराठीत आपण त्याला ग्राही म्हणू. ज्या गाठीत ग्राही आहे तीच हार्मोनच्या उपचाराला दाद देते. टॅमॉक्सिफेन ही गोळी याच ग्राहीवर जाऊन बसते आणि इस्ट्रोजेनला जागा देत नाही. ईआर पॉझिटिव्ह स्त्रियांनी ती पाच वर्षे घेतली तर पुढच्या पंधरा वर्षांतले कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे जगभरातल्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून सिद्ध झाले आहे. गाठ ईआर निगेटिव्ह असेल तर त्याच गोळीचा काहीही उपयोग होत नाही. स्वस्त आणि घरी घेता येणाऱ्या औषधाने एवढा फरक पडावा, हे कर्करोगाच्या उपचारांत फार थोड्या ठिकाणी घडले आहे. तेव्हा ईआरचा निर्णय चुकला तर बाईचे केवढे नुकसान होते, याची कल्पना यावी.

हा निर्णय आम्ही इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने देतो. बोलण्यात तिला सगळे आयएचसी म्हणतात. गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. हा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेऊन त्यांवर ग्राहीला ओळखून चिकटणारी प्रतिपिंडे सोडतात, आणि ती जिथे चिकटतील तिथे तपकिरी रंग उमटेल अशी रासायनिक प्रक्रिया करतात. ईआर असलेल्या पेशीचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसते, नसलेल्या पेशीचे निळे राहते. शंभर पेशींपैकी किती पेशी रंगल्या आणि रंग फिका, मध्यम की गडद, या दोन्ही गोष्टी मोजायच्या असतात. ऑलरेडच्या पद्धतीत रंगलेल्या पेशींच्या प्रमाणाला ० ते ५ आणि गडदपणाला ० ते ३ गुण देऊन बेरीज करतात, आणि ती ३ किंवा त्याहून जास्त आली की गाठ पॉझिटिव्ह धरतात. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी २०१० साली एक टक्का पेशी रंगल्या तरी गाठ पॉझिटिव्ह म्हणावी असे ठरवले. २०२० साली त्यांनीच १ ते १० टक्क्यांचा गट ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणून वेगळा लिहायला सांगितले, कारण या गटातल्या पुष्कळ गाठी निगेटिव्ह गाठींसारख्या वागतात आणि हार्मोनच्या उपचाराचा त्यांना किती फायदा होतो याचा पुरावा तोकडा आहे.

रिपोर्टवर नुसते ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिणे मला म्हणूनच मान्य नाही. तीन टक्के पेशी फिक्या रंगलेली गाठ आणि पंचाण्णव टक्के पेशी गडद रंगलेली गाठ त्या दोन शब्दांत एकसारखी होऊन जाते. पहिल्या गाठीचा आजार वर्षभरात उलटला तर गोळी हरली असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण गोळीला धरायला तिथे मुळात फारसे काही नव्हते. रिपोर्ट हातात पडला की टक्केवारी आणि गडदपणा लिहिला आहे का, हे नातेवाइकांनी जरूर पाहावे, आणि नसेल तर लिहून मागावे. मागितल्यावर कोणी नाही म्हणत नाही.

उलट बाजूची चूक, म्हणजे पॉझिटिव्ह गाठीला निगेटिव्ह म्हणण्याची, आणखी गंभीर असते आणि आपल्या भागात तिचे मूळ बहुधा बरणीत असते. ऊती शरीरातून निघाल्यावर एका तासाच्या आत फॉर्मेलिनमध्ये गेली पाहिजे, तिथे ती कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहिली पाहिजे, फॉर्मेलिन १० टक्क्यांचे आणि बफर केलेले असले पाहिजे, आणि ते ऊतीच्या सुमारे दहापट असले पाहिजे. फॉर्मेलिन ऊतीत तासाला सुमारे एक मिलिमीटर एवढ्याच वेगाने शिरते. आता तालुक्याच्या गावी शनिवारी संध्याकाळी संपूर्ण स्तन काढला जातो, अखंडच्या अखंड एका प्लॅस्टिकच्या बरणीत कोंबला जातो, वरून अर्धी बरणी फॉर्मेलिन ओतले जाते, रविवार तसाच जातो, आणि सोमवारी किंवा मंगळवारी कोणीतरी ती पिशवीत घालून एसटीने लातूरला आणतो. अशी एक बरणी मी उघडली, तेव्हा बाहेरचा सेंटीमीटरभर भाग राखाडी आणि घट्ट झालेला होता आणि आतली गाठ, जिच्यासाठी सगळा खटाटोप चालला होता, ती लालसर, बिलबिलीत आणि वास सुटलेली होती. वरून शिजलेल्या आणि आत कच्च्या राहिलेल्या बटाट्यासारखी. ईआरची स्लाइड केली तर गाठ निळीच्या निळी. परंतु त्याच कापात गाठीच्या शेजारी निरोगी दुग्धनलिका होत्या, आणि त्यांच्या काही पेशी नेहमी तपकिरी रंगतात. त्यासुद्धा कोऱ्या होत्या. याचा अर्थ गाठ निगेटिव्ह आहे असा होत नाही, तपासणीच झालेली नाही असा होतो. मी निगेटिव्हचा रिपोर्ट दिला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी त्या बाईंची सुईची बायोप्सी दुसरीकडे झाली होती. तो तुकडा बारीक असल्याने फॉर्मेलिन आतपर्यंत मुरले होते. तो ब्लॉक मागवून तपासला तर बहुतेक सर्व पेशी गडद तपकिरी निघाल्या.

निरोगी नलिका रंगल्या की नाही हे न पाहता निगेटिव्ह लिहिले गेले, तर त्या बाईला हार्मोनची गोळी कधी मिळतच नाही. भारतात ईआर पॉझिटिव्ह गाठींचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी का दिसते याची चर्चा पुष्कळ वर्षे चालू आहे. आपल्याकडे रुग्ण स्त्रियांचे वय कमी असते हे त्याचे एक कारण आहेच, पण फॉर्मेलिनच्या हयगयीचाही त्यात वाटा आहे, हे या क्षेत्रातले लोक मान्य करतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी गाठीला मधोमध एक छेद देऊन, रुंद तोंडाच्या मोठ्या डब्यात, भरपूर फॉर्मेलिनमध्ये ती ठेवावी आणि गाठ काढल्याची व बुडवल्याची वेळ अर्जावर लिहावी, एवढ्याने यातले पुष्कळसे टळते. फॉर्मेलिन महाग नाही.

आता जी गोष्ट मराठवाड्यात इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त महत्त्वाची आहे असे मला वाटते, तिच्याकडे वळते. पाळी कायमची गेलेल्या स्त्रियांत इस्ट्रोजेन बीजांडकोशात तयार होत नाही. चरबी, स्नायू यांत अ‍ॅरोमॅटेज नावाच्या विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने थोडे-थोडे तयार होते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या गोळ्या हे विकर बंद पाडतात. बीजांडकोश चालू असलेल्या स्त्रीला यांपैकी एखादी गोळी एकटी दिली तर मात्र उलटे घडते. इस्ट्रोजेन घटल्याचे मेंदूला कळते, तो बीजांडकोशाला जोराने चालना देतो आणि इस्ट्रोजेन पुन्हा चढते. मूल होत नसलेल्या स्त्रियांना बीज तयार व्हावे म्हणून हीच लेट्रोझोल देतात, यावरून काय ते समजावे.

या औषधाची निवड ज्या प्रश्नावर अवलंबून असते तो प्रश्न साधा आहे, पाळी येते का. बीड, धाराशिव, परभणीकडच्या बाईला तो विचारला की उत्तर येते, “पिशवी तर कवाच काढलीय, मॅडम.” ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ साली राज्यात मोठा गदारोळ झाला आणि शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, आणि त्यांत ऐन तिशीतल्या बायकाही होत्या. पिशवी काढली की पाळी थांबते, बीजांडकोश मात्र जागेवर असले तर ते पुढे अनेक वर्षे इस्ट्रोजेन तयार करत राहतात. अशा अडतीस-चाळीस वर्षांच्या बाईच्या कागदावर ‘पाळी बंद’ एवढेच लिहिले गेले आणि तिला नुसती लेट्रोझोल सुरू झाली, तर तिची गाठ गोळीला दाद देणार नाही. त्या गाठीच्या ग्राहीत काही बदल झालेला नसेल, जनुके बिघडलेली नसतील, तरीही तिच्या नावापुढे रेझिस्टन्स लिहिले जाईल. पिशवीबरोबर बीजांडकोश काढले होते की नाही, हे शस्त्रक्रियेच्या जुन्या कागदांवरून पाहावे. कागद नसतील, आणि बहुतेक वेळा ते नसतातच, तर सोनोग्राफी करावी आणि रक्तातील एफएसएच (बीजांडकोशाला चालना देणारे हार्मोन) व इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचे मुख्य रूप) तपासून मगच गोळी ठरवावी. केमोथेरपीने पाळी थांबलेल्या तरुण स्त्रियांनाही हेच लागू आहे, कारण त्यांचे बीजांडकोश काही महिन्यांनी पुन्हा जागे होऊ शकतात. अशा स्त्रियांना टॅमॉक्सिफेन देता येते, किंवा बीजांडकोशाचे काम थांबवणारी इंजेक्शने देऊन त्यांच्या जोडीला लेट्रोझोलसारखी गोळी देता येते.

गोळी पोटात न जाण्याचा प्रश्नही याच्याच शेजारचा आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते, आणि तेवढे महिने सरकारी दवाखान्यातून मिळणारी गोळी तुटते. अंगाची लाही, सांधेदुखी यांना कंटाळून घरी बसलेल्या बायकाही गोळी सोडतात आणि डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाहीत. त्यांना रागावून काही साधत नाही. दुखणे कमी करता येते, गोळी बदलता येते, जाताना सहा महिन्यांची औषधे एकदम देता येतात. आणखी एक बाब म्हणजे टॅमॉक्सिफेनचे यकृतात एन्डॉक्सिफेन या प्रभावी रूपात रूपांतर होते, आणि उदासीनतेवर दिली जाणारी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन ही औषधे त्यात अडथळा आणतात. म्हणून दुसरे कोणतेही औषध चालू असेल तर ते सांगितले पाहिजे.

हे सगळे तपासून झाल्यावर जे उरते तो खरा प्रतिरोध, म्हणजे खरा रेझिस्टन्स, आणि तो दोन तऱ्हांचा असतो. शस्त्रक्रियेनंतर गोळी सुरू केल्यापासून पहिल्या दोन वर्षांतच आजार उलटला, किंवा पसरलेल्या आजारात पहिल्याच हार्मोन उपचाराच्या पहिल्या सहा महिन्यांत वाढला, तर तो प्राथमिक मानतात. दोन वर्षे उलटल्यावर पण गोळी चालू असताना, किंवा गोळी संपल्यापासून वर्षभरात आजार परतला, तर तो नंतर कमावलेला मानतात. पहिल्या प्रकाराच्या खुणा बहुधा मूळ गाठीत असतात. दुसऱ्याच्या खुणा मूळ गाठीत सापडत नाहीत, त्या परतलेल्या आजाराच्या ऊतीतच शोधाव्या लागतात. माझ्या दृष्टीने या विषयातले सर्वांत उपयोगी ज्ञान हेच आहे.

मूळ गाठीतल्या खुणांमध्ये पीआर, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचा ग्राही, ही सर्वांत जुनी. पीआर तयार करण्याचा हुकूम ईआरच देतो. त्यामुळे ईआर आहे आणि पीआरही आहे याचा अर्थ ईआर नुसता हजर नाही, कामावर आहे. ही कल्पना हॉर्विट्झ, मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडली. ईआर पॉझिटिव्ह पण पीआर निगेटिव्ह गाठी सरासरीने जास्त आक्रमक निघतात, मात्र म्हणून त्यांना गोळी नाकारायची नसते. हर-टू ही दुसरी खूण. पेशीच्या पृष्ठभागावरचे हे प्रथिन जास्त झाले की वाढीचा निरोप इस्ट्रोजेनला वळसा घालून आत पोहोचतो, आणि हर-टूच्या जोडीला एआयबी-वन हे सहायक प्रथिनही वाढलेले असेल तर टॅमॉक्सिफेनचा गुण कमी येतो असे २००३ साली दाखवले गेले. हर-टूची आयएचसी ३+ आली तर पॉझिटिव्ह, २+ आली तर अनिर्णित, आणि २+ आल्यावर फिश ही हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी करावीच लागते. आपल्या भागात ती बाहेर पाठवावी लागते, खर्च येतो, आणि रिपोर्टवर २+ तसेच राहून जाते. मग ज्या बाईला ट्रास्टुझुमॅब हे हर-टूला रोखणारे औषध मिळायला हवे होते तिला हार्मोनची गोळी तेवढी मिळते.

केआय-६७ विषयी थोडे जास्त लिहिते, कारण या आकड्याने लोक फार घाबरतात. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींमध्ये दिसणारे हे प्रथिन आहे. जर्मनीतल्या कील शहरात १९८३ साली त्याचे प्रतिपिंड तयार झाले, म्हणून हे नाव. अडचण अशी की हा आकडा मोजण्यात दोन पॅथॉलॉजिस्टांचेही एकमत होणे कठीण असते. ५ टक्के आणि ४० टक्के यांतला फरक कोणीही सांगेल, पण १५ आणि २२ यांच्यातल्या फरकावर मी कोणाचे औषध ठरवणार नाही. एकदाच मोजलेल्या आकड्यापेक्षा उपचाराने तो किती उतरला हे जास्त बोलके असते. ब्रिटनमधील पोएटिक या चाचणीत पाळी गेलेल्या सुमारे साडेचार हजार स्त्रियांपैकी काहींना शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल देऊन केआय-६७ आधी आणि नंतर तपासला गेला. हर-टू निगेटिव्ह गाठींमध्ये ज्यांचा आकडा आधीपासूनच कमी होता आणि कमीच राहिला त्यांच्यात पाच वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण ४.३ टक्के होते. जास्त होता पण गोळीने उतरला त्यांच्यात ८.४ टक्के; आणि जास्त होता व दोन आठवड्यांनीही जास्तच राहिला त्यांच्यात २१.५ टक्के. गोळीला गाठ दाद देणार नाही, याचा अंदाज पाच वर्षे वाट न पाहता पंधरवड्यात येऊ शकतो, असे हे निष्कर्ष सांगतात. शस्त्रक्रियेची तारीख मिळायला आपल्याकडे दोन-तीन आठवडे सहज जातात. कर्करोगतज्ज्ञांनी त्या काळात गोळी देऊन शस्त्रक्रियेच्या तुकड्यावर केआय-६७ पुन्हा मागवला, तर खर्च एका आयएचसीचा येतो. जिल्ह्याच्या पातळीवर करता येण्याजोगी ही गोष्ट आपण जवळजवळ करतच नाही, याचे मला वाईट वाटते.

नंतर कमावलेल्या प्रतिरोधात सर्वांत ठळक खूण ईएसआर-वन या जनुकातला बदल. ईआर प्रथिन याच जनुकावरून बनते. वाय५३७एस आणि डी५३८जी यांसारख्या बदलांत प्रथिनातले एकच अमिनो आम्ल बदलते, पण त्यामुळे ग्राही इस्ट्रोजेनशिवायच कामाला लागतो. लेट्रोझोलने शरीरातले इस्ट्रोजेन आटवले तरी मग त्याला फरक पडत नाही. असे बदल पहिल्या गाठीत क्वचितच सापडतात. पसरलेल्या आजारात अ‍ॅरोमॅटेज रोखणाऱ्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांत मात्र ते २० ते ४० टक्के जणींत आढळतात. लेट्रोझोल घेताना आजार वाढला म्हणून अ‍ॅनास्ट्रोझोल सुरू करणे अशा बाईत व्यर्थ असते. ग्राहीलाच नष्ट करणारे फुल्व्हेस्ट्रंट हे इंजेक्शन काही प्रमाणात उपयोगी पडते, आणि नेमक्या याच बदलासाठी एलासेस्ट्रंट या गोळीला अमेरिकेत जानेवारी २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

पीआयके३सीए या जनुकातला बदल सुमारे ४० टक्के ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह गाठींत असतो, आणि तो मूळ गाठीतच असल्याने जुन्या ब्लॉकवरही तपासता येतो. फुल्व्हेस्ट्रंटच्या जोडीला या बदलाचा परिणाम रोखणारी अल्पेलिसिब ही गोळी दिल्यावर अशा स्त्रियांत आजार रोखून धरण्याचा मध्यम काळ, म्हणजे निम्म्या स्त्रियांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ, ५.७ महिन्यांवरून ११ महिन्यांवर गेला. मात्र या गोळीने रक्तातली साखर भराभर चढते, आणि आपल्याकडे मधुमेह किती पसरला आहे हे पाहता ती जपूनच द्यावी लागते. पेशीचक्र रोखणाऱ्या पाल्बोसिक्लिब, रिबोसिक्लिब, अबेमासिक्लिब या गोळ्यांना हार्मोनच्या उपचाराला बळ देण्यात सर्वांत मोठे यश आले आहे. पाल्बोसिक्लिब लेट्रोझोलच्या जोडीने दिल्यावर पसरलेला आजार रोखण्याचा मध्यम काळ १४.५ महिन्यांवरून २४.८ महिने झाला. जानेवारी २०२३ मध्ये तिचे भारतातले पेटंट संपले, देशी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या आणि किंमत खूप उतरली. त्याआधी शेत विकूनही ज्यांना ती परवडली नसती अशा घरांतल्या बायकाही आता ती घेतात. पेशीतले आरबी हे प्रथिन नाहीसे झाले तर या गोळ्याही लागू पडत नाहीत. ते अजून रोजच्या तपासणीत आलेले नाही.

ऑन्कोटाइपसारख्या २१ जनुकांच्या परदेशी चाचण्या, किंवा बंगळुरूमध्ये विकसित झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट, जी सीडी४४, एन-कॅडहेरिन यांसह पाच प्रथिनांची आयएचसी ब्लॉकवर करून आजार उलटण्याचा धोका मोजते, यांचा मुख्य उपयोग केमोथेरपी टाळता येईल का हे ठरवण्यासाठी आहे. गोळीला दाद का मिळत नाही याचे उत्तर त्यांच्याकडून मागू नये, आणि त्यांच्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

म्हणून आजार परतला की जिथे परतला तिथला तुकडा घेऊन ईआर, पीआर आणि हर-टू पुन्हा तपासावेत, असा माझा आग्रह असतो. मूळ गाठीत ईआर असलेल्या साधारण पाचपैकी एका स्त्रीच्या परतलेल्या आजारात तो नाहीसा झालेला असतो. काही वेळा नव्याने हर-टू दिसतो आणि उपचाराची दिशाच बदलते. ईएसआर-वनमधला बदल आता रक्ताच्या नमुन्यातही शोधता येतो, आणि मणक्यातून तुकडा घेणे शक्य नसेल तेव्हा तो मार्ग चांगला; पण ईआर आहे की गेला, हे सांगायला ऊतीच लागते.

ईआर पॉझिटिव्ह आजार पाच वर्षांची गोळी पूर्ण झाल्यावरही उलटतो. ६२ हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासात पाचव्या ते विसाव्या वर्षांदरम्यान दूरच्या अवयवांत आजार परतण्याचे प्रमाण, गाठीच्या आकारानुसार आणि काखेतल्या गाठींनुसार, १३ ते ४१ टक्के आढळले. एवढा काळ मूळ ब्लॉक जपून ठेवावा लागतो. तो प्रयोगशाळेकडेच राहू द्यावा, आणि घरी न्यायचाच असेल तर वैशाखात मोटारीच्या काचेमागे ठेवू नये, कारण त्यातले मेण ५६ ते ६० अंशांच्या आसपास वितळते. न रंगवलेल्या स्लाइड कापून वर्षभर ठेवल्या तर त्यांवरची ईआरची खूण फिकी पडते, म्हणून दुसरीकडे तपासणी करायची असेल तर स्लाइडऐवजी ब्लॉक मागावा.

आणि हाडाची बायोप्सी करायची असेल तेव्हा एक गोष्ट कर्करोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवावी. हाड कापता यावे म्हणून आम्ही त्यातला चुना काढतो, आणि घाईत त्यासाठी तीव्र आम्ल वापरले तर डीएनए तुटतो व ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. ईडीटीए या सौम्य रसायनाने तेच काम होते, त्याला काही दिवस जास्त लागतात. अर्जावर ‘जुना स्तनाचा कर्करोग, ईआर आणि हर-टू करायचे आहे, ईडीटीए वापरावे’ असे लिहिलेले असेल आणि सोबत मूळ रिपोर्टची झेरॉक्स असेल, तर आमच्याकडून ते दिवस जास्त घेतले जातात.